बाबांचं सोळा वर्षांचं काळीज

बाबांचं काळीज सोळा वर्षांच्या मुलीचं निघालं, तेव्हा घरात सगळ्यात कमी आश्चर्य खुद्द बाबांना वाटलं. आपल्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, डॉक्टरांच्याच लक्षात यायला सेहेचाळीस वर्षं लागली, अशा थाटात ते त्या संध्याकाळी दारातून आत आले.

बूट काढता काढताच त्यांनी बातमी फोडली. पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या डॉक्टरांनी म्हणे त्यांच्या ईसीजीची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, दोनदा निरखली आणि म्हणाले, "मास्तर, हे काळीज तर सोळा वर्षांच्या मुलीचं वाटतंय." पुढचा सबंध तास बाबा हे वाक्य घरभर फिरवत होते. स्वयंपाकघरात बोलले, गॅलरीत बोलले, शेजारच्या काकूंना जिन्यात गाठून त्यांनी काही विचारलेलं नसताना बोलले. मग पाण्याचा वीस लिटरचा कॅन खांद्यावर टाकून दोन-दोन पायऱ्या चढून आले आणि आपल्याला धाप लागली नाही हे दाखवण्यासाठी श्वास इतका वेळ रोखून धरला, की कानशिलं लाल झाली.

शिडी टेबलाशी गणितं सोडवत बसली होती. शिडी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. गेल्या दोन वर्षांत ती ज्या वेगाने वर गेली, ते बघून बाबांनीच तिला शिडी म्हणायला सुरुवात केली होती. आधी तिला त्याचा राग यायचा आणि ती खांदे पाडून, पोक काढून चालायची. पण या वर्षी उंच उडीत ती सगळ्या शाळांत पहिली आली आणि तेव्हापासून आपली सगळीच्या सगळी उंची वापरायला लागली. तिने वहीतून मान वर न करता बाबांना सांगितलं, की सोळा वर्षांचं काळीज असणं वाटतं तितकं सुखाचं नसतं. ते परीक्षेत धडधडतं, फळ्यापाशी बोलावलं की धडधडतं आणि कधीकधी काही कारण नसतानाही धडधडतं. बाबा म्हणाले, तुझं धडधडत असेल, माझं शिस्तीत आहे.

या सगळ्याचं मूळ होतं एका पिस्तुलात. केंद्रात नुकतीच विजेची पिस्तुलं आली होती. चाप ओढला की त्यातून तारांना बांधलेले दोन बारीक गळ सुटतात, कपड्यांतून कातडीत रुततात आणि पाच सेकंद समोरच्या माणसाचा एकेक स्नायू मूठ आवळावी तसा आवळून धरतात. माणूस ताठच्या ताठ आडवा होतो. गोळीपेक्षा हे बरं, असं सगळ्यांचं म्हणणं. चाळीस नवे शिपाई ते चालवायला शिकणार होते, आणि शिकवणार होते बाबा. बाबांचा नियम असा, की जे आपण चाखलं नाही ते दुसऱ्याच्या ताटात वाढायचं नाही. अश्रुधुराच्या खोलीत पहिले तेच शिरले होते. हिवाळ्यात गार पाण्याच्या टाकीत पहिली उडी त्यांचीच. शिपाई पाठीमागे त्यांना 'पहिले सर' म्हणत, आणि हे आपल्याला माहीत नाही असं बाबा मोठ्या आनंदाने दाखवत. तेव्हा पिस्तुलाचा पहिला झटकाही तेच खाणार, हे न सांगता ठरलेलं होतं.

आडवी आली ती आई. आई हृदयाच्या दवाखान्यात ईसीजी काढायची. दिवसाला चाळीस-पन्नास छात्या, प्रत्येकीवर गार जेल, प्रत्येकीवर तारांचे चिमटे आणि रबरी टोप्या. दवाखान्याने मोडीत काढलेलं एक जुनं यंत्र तिने घरी आणलं होतं आणि दर तीन महिन्यांनी, सुट्टीच्या सकाळी, ती घरातल्या तिघांनाही पलंगावर आडवं करून तारा जोडायची. चौकटीचौकटीच्या कागदावर पट्टी निघायची. उजेडाने ती फिकी पडते, म्हणून आई तिन्ही पट्ट्या कपाटाच्या दाराला आतून दोरी बांधून तिला चिमट्यांनी लटकवायची. मागे पेन्सिलीने तारीख आणि तिची सही. नाव नाही. दिवसभर लोकांच्या काळजांना नावं लिहून हात दुखतो, घरी मी लेबलं लावणार नाही, असं तिचं म्हणणं. शिवाय गरजही नव्हती. पट्ट्या उंचीप्रमाणे लागायच्या: वर बाबा, मधे शिडी, खाली आई.

तीन आठवड्यांपूर्वीच्या पट्टीवर आईला बाबांचा एक ठोका आगाऊ दिसला. सात-आठ ठोके नीट, मग एक वेळेच्या आधीच घुसलेला, मग जरा थांबून पुन्हा पहिल्यासारखं. बाबांचं उत्तर तयार होतं. वेळेच्या आधी हजर राहतो तो खरा पोलीस. आईने हसून घेतलं आणि आपल्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेऊन टाकली. बुधवारी आधी दाखवा, मग हवं तर कोसळत्या विजेला मिठी मारा, असं तिने बजावलं होतं. आणि झटका होता मंगळवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

म्हणून त्या रात्रीच्या जेवणाला बाबा जिंकून आल्यासारखे बसले. आईने विचारलं, की डॉक्टरांनी चष्मा लावला होता ना. लावला होता, बाबा म्हणाले, पुसून लावला होता. आईने घास हातात धरून थोडा विचार केला. केंद्रात नवा ईसीजी काढला असणार, असं तिला वाटलं. आगाऊ ठोका दर वेळी पट्टीवर सापडतोच असं नाही. तो आगंतुक पाहुणा, वाट बघत बसलं की हमखास येत नाही. शेवटी ती म्हणाली, बरं, खा तुमचा झटका, पण बुधवार चुकवायचा नाही. बाबांनी शिडीकडे बघून डोळा मारला. शिडीनेही मारला. त्या डोळा मारण्याची आठवण दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फार जड गेली.

सकाळी बाबा लवकर गेले, मागोमाग आई. शिडी शाळेची तयारी करत होती. एक मोजा चढवला, दुसरा सापडेना, म्हणून तिने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या दोरीवर दोनच पट्ट्या होत्या. सगळ्यात वरचा चिमटा रिकामा लोंबत होता.

तिला आधी काहीच वाटलं नाही. मग तिने रिकाम्या चिमट्याखालची पट्टी पाहिली. सात ठोके, एक आगाऊ, मग थांबा. पुन्हा आठ ठोके, एक आगाऊ. ही बाबांची. मग वरची कुठे गेली? आणि वर होती कोणाची?

वर होती तिची. तिनेच ठेवलेली.

झालं होतं असं. मागच्या सुट्टीच्या दिवशी तिने दाराच्या चौकटीला पाठ लावून आपली उंची पेन्सिलीने खुणावली, आणि ती बाबांच्या खुणेच्या दोन बोटं वर निघाली. बाबांनी मान्य केलं नाही. आधी म्हणाले, केस वर बांधलेस. तिने केस सोडले. मग म्हणाले, टाचा उचलल्यास. तिने टाचा टेकवल्या. मग म्हणाले, घर जुनं झालं, चौकट खचली असेल. तेव्हा शिडीने वाद सोडून दिला आणि कोणी बघत नसताना कपाटातली आपली पट्टी मधल्या चिमट्यातून काढून वरच्याला लावली, आणि बाबांची मधल्याला. दोन दिवसांत बाबांचं लक्ष जाईल, ते ओरडतील आणि मग पुन्हा मजा येईल, एवढाच तिचा बेत होता. बाबांचं लक्ष गेलंच नाही. त्यांना पट्टीतलं काय कळतंय? त्यांच्या लेखी तो कागदावरून चाललेल्या मुंग्यांचा मोर्चा. केंद्राच्या डॉक्टरांनी ईसीजी मागितला, तेव्हा त्यांनी बारा वर्षांच्या सवयीने वरची पट्टी ओढली, खाली झोकदार अक्षरात स्वतःचं नाव आणि बिल्ला क्रमांक लिहिला आणि डॉक्टरांपुढे ठेवली.

म्हणजे डॉक्टर बरोबरच बोलले होते. ते काळीज सोळा वर्षांच्या मुलीचंच होतं. ती मुलगी आत्ता एका पायात मोजा घालून कपाटासमोर उभी होती, आणि ते काळीज कागदावर होतं त्याच्या दुप्पट वेगाने पळत होतं.

कारण शिडीला दोरीवरच्या उड्यांची गोष्ट माहीत होती. ती सात-आठ वर्षांची असताना आईनेच सांगितली होती. दोन मुली लांब दोरी फिरवतात आणि तिसरी आत शिरते. नीट वेळ साधली तर काहीच होत नाही, पण एका नेमक्या क्षणी पाऊल टाकलं की पाय अडकतो आणि सगळी दोरीच गोळा होते. काळजाचंही तसंच, आई म्हणाली होती. प्रत्येक ठोक्यानंतर ते पापणी लवण्याइतकं विसावतं, आणि बाहेरची वीज नेमकी त्या विसाव्यात घुसली तर ताल सुटून ते नुसतं थरथरत राहू शकतं. बहुतेक वेळा वीज चुकते. बाबांच्या दोरीत तर एक आगाऊ ठोका आधीच लुडबुडत होता.

बाबांचा फोन मैदानावर चालत नसे, केंद्रातल्या कपाटात कुलूपबंद; केंद्राचा नंबर तिच्याकडे नव्हता. आईचा टेबलाच्या खणात वाजून वाजून गप्प झाला. शिडीने दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंना फोन लावला आणि निरोप दिला, की बाबांनी नेलेली पट्टी माझी आहे, आईला लगेच सांगा, हो, एवढंच, तिला कळेल. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं. झटका साडेनऊला. तिने बाबांची पट्टी दप्तरात न घालता दातांत धरली, कारण सायकलचं कुलूप काढायला दोन्ही हात लागतात, आणि निघाली.

वाटेत एकच विचार तिला मागे ओढत होता. चाळीस शिपायांसमोर जाऊन काय सांगायचं? की तुमचे पहिले सर ज्या काळजाचा तोरा मिरवतायत ते उसनं आहे? बाबा महिनाभर मान वर करणार नाहीत. मग तिला वाटलं, मान खाली घालायला तरी मान शिल्लक पाहिजे, आणि तिने चढावर उभं राहून पॅडल मारले.

केंद्राच्या फाटकावरचे काका तिला लहानपणापासून ओळखत होते, म्हणूनच त्यांनी तिला अडवलं. ओळखीच्या माणसाला आत सोडलं की नियम मोडतो, अनोळखी तर येतच नाही, असं त्यांचं तत्त्व. शिडीने दातांतून पट्टी काढली आणि ती कोणाची आहे ते सांगितलं. काकांनी पट्टी उलटी धरून गंभीरपणे वाचली आणि म्हणाले, की हे तर वाईट दिसतंय. कुठल्याही बाजूने बघितलं तरी ते वाईट दिसतंय, असं शिडी म्हणाली, आणि फाटक उघडलं.

मोठ्या सभागृहात निळ्या गाद्या अंथरल्या होत्या. शिपाई गोलाकार उभे. मधे बाबा, अनवाणी, दोन्ही दंडांना दोन धिप्पाड शिपाई, म्हणजे पडताना धरायला. सरावासाठी गळांऐवजी तारांना चिमटे लावतात आणि ते पाठीला लावायचे असतात. पण रस्त्यावर कोण आपल्याला पाठ देऊन उभा राहतो, असं म्हणून बाबांनी एक चिमटा छातीवर लावायला सांगितला होता, आणि अशा काळजाला चालेल म्हणून डॉक्टरांनी नाइलाजाने मान हलवली होती. बाबांचा मदतनीस, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो पिस्तूल घेऊन समोर होता. साप धरावा तसं त्याने ते अंगापासून लांब धरलं होतं. बाबा भाषण करत होते. त्यांचं वय सेहेचाळीस, पण काळीज किती वर्षांचं, असं त्यांनी विचारलं, आणि चाळीस आवाज एका सुरात म्हणाले, "सोळा!"

"बाबा," शिडी दारातून म्हणाली, "ते माझं आहे."

बाबांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं, एका पायात मोजा, एक उघडा. मग घड्याळाकडे.

"शाळा नाही का तुला?"

"आहे. तुम्ही माझं काळीज घेऊन आलात. तुमचं घरी राहिलं." तिने पट्टी पुढे केली. "मी पट्ट्या बदलल्या होत्या, उंचीप्रमाणे. तुम्ही वरची आणलीत."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी त्याला कोपराने गप्प केलं. बाबांनी चिमटे न काढताच हात लांब केला, पण पट्टी मधेच डॉक्टरांनी घेतली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. दुसऱ्या हाताने फायलीतून बाबांच्या नावाची पट्टी काढली, आणि दोन्ही शेजारी धरून, जितकं त्यांनी आदल्या दिवशी बघायला हवं होतं, तितकं आता बघितलं. शिडीला त्यांच्या मानेवरचा घाम दिसला.

बाबांनी खालच्या आवाजात सुचवलं, की एखाद-दुसरा ठोका इकडेतिकडे झाला तर काय मोठंसं, आता सगळी तयारी झालीच आहे. शिपाई काय म्हणतील? डॉक्टर म्हणाले, की शिपाई काहीही म्हणोत, त्यांना ते तुमच्या तोंडावर म्हणता आलं पाहिजे. बहुतेकांना या झटक्याने गुडघा खरचटण्यापलीकडे काही होत नाही. तुम्हालाही कदाचित काही झालं नसतं. पण कदाचित या शब्दावर मी छातीला तार लावू देणार नाही, आणि मघाशी लावू दिली ती माझी चूक.

त्याच वेळी दार पुन्हा उघडलं आणि आई आत आली. दवाखान्याच्या पांढऱ्या कोटात, बगलेत छोटं यंत्र, तारा खांद्यावरून लोंबतायत. निरोप तिला कळला होता. तिने कोणाकडेच पाहिलं नाही. बाबांच्या छातीवरचा चिमटा उपटला, त्यांना गादीवर झोपायला सांगितलं आणि चाळीस शिपायांसमोर त्यांच्या छातीवर गार जेल फासलं. अश्रुधुरात न रडलेले बाबा त्या गार जेलने किंचाळले. पट्टी निघाली. नऊ ठोके, एक आगाऊ. सहा ठोके, एक आगाऊ.

"हे बघा," आई म्हणाली, "तुमचा वक्तशीर पोलीस."

बाबा झोपल्या झोपल्या पट्टीकडे बघत राहिले. मग शिडीकडे. मग उठून बसले, शर्टाची बटणं लावली, एक बटण चुकीच्या भोकात, आणि तसेच शिपायांसमोर उभे राहिले. शिडीला वाटलं, आता ते रागावतील, किंवा विनोद करतील, किंवा चौकट खचली म्हणतील.

"हे तुमच्या हातात येईल तेव्हा," ते पिस्तुलाकडे बोट करून म्हणाले, "समोरच्याच्या छातीत काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही. मला माझ्याच छातीतलं ठाऊक नव्हतं. छातीवर नेम धरायचा नाही. आणि गरज नसेल तर चापाला बोटच लावायचं नाही. आजचा धडा संपला."

त्या दिवशी झटका कोणीच खाल्ला नाही. डॉक्टरांनी हुकूम काढला, की प्रत्येकाचा ईसीजी माझ्यासमोर निघेल, आणि नाव मी स्वतः लिहीन. पैलवानाने सगळ्यांआधी गादीवर उडी टाकली. पिस्तूल हातातून गेल्याचा त्याला झालेला आनंद यंत्राच्या पट्टीवर स्पष्ट उमटला, असं आईने नंतर सांगितलं. शिडीला पोहोचायला इतका उशीर झाला, की शाळेत कारण लिहून द्यावं लागलं. तिने लिहिलं, 'वडील माझं हृदय चुकून कामावर घेऊन गेले होते.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि तिला घरी फोन करू का असं विचारलं.

बुधवारी आईच्या डॉक्टरांनी बाबांना दिवसभर गळ्यात यंत्र अडकवून फिरवलं. काळीज दणकट निघालं, आगाऊ ठोके जरा जास्त निघाले. गोळी सुरू झाली, चहा आठ कपांवरून दोनवर आला आणि विजेशी दोस्ती बंद. केंद्रात बाबांचं नाव बदललं. आता पाठीमागे त्यांना 'दुसरे सर' म्हणतात. हे आपल्याला माहीत नाही असं बाबा दाखवतात, पण पूर्वीइतक्या आनंदाने नाही.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी आईने पुन्हा तिघांना तारा जोडल्या. या वेळी तिने न कुरकुरता प्रत्येक पट्टीवर पेनाने, मोठ्या अक्षरात, नाव लिहिलं. बाबांनी तिच्या हातून पट्ट्या घेतल्या आणि कपाटापाशी जाऊन थांबले. मग म्हणाले, की लावण्याआधी एकदा रीतसर मोजून घेऊ, नंतर भानगड नको.

शिडी चौकटीला टेकली, केस सोडून, टाचा जमिनीला. आईने खूण केली. मग बाबा टेकले, छाती पुढे, हनुवटी वर. आई पेन्सिल घेऊन पुढे झाली तेव्हा शिडीची नजर खाली गेली. बाबांच्या टाचा जमिनीपासून चांगल्या बोटभर वर होत्या.

तिने नजर पुन्हा वर घेतली. टाचा उचलूनही बाबा बोटभर कमीच पडले. बाबांनी खुणा पाहिल्या, टाचा हळूच टेकवल्या आणि तिची पट्टी आपल्या हातांनी सगळ्यात वरच्या चिमट्यात अडकवली.